डाव्या कानातल्या दिशाबाई

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला कदाचित हसू येईल. माझी एक गादी काळी आहे, दुसरी तपकिरी. डोक्यावरच्या पट्टीला चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. मी हेडफोन आहे, एकवीस वर्षांचा. माझ्या वयाचे हेडफोन आता कुणाच्या कानावर फारसे दिसत नाहीत. मी मात्र अजून कामावर आहे.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने बारीक चिमट्याने माझ्या दोन्ही पोटांत पातळ पडदे बसवले. दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाने मला कानावर चढवले, एकदा डावीकडे घंटी वाजवली, एकदा उजवीकडे, आणि शिक्का मारून खोक्यात घातले. दुकानाच्या काचेमागे मी चार महिने काढले. मग ताई आली.

ताई दातांच्या कवळ्या बनवते. एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत तिचे काम चालते. तिच्या बोटांना मेणाचा वास येतो आणि केसांत प्लास्टरची पांढरी भुकटी असते. आठवड्याचे सहा दिवस ती लोकांना दात देते. रविवारी ती अंतराळात जाते, आणि तेव्हा तिला मी लागतो.

'तारवाट' नावाची एका अंतराळयानाची मालिका टीव्हीवर सव्वीस वर्षे चालली होती. ती बंद झाल्यावर तेच नट पुन्हा एकत्र आले आणि नुसत्या आवाजातून नवी साहसे सांगू लागले. दर महिन्याला एक सीडी निघे. श्रोत्यांचे एक मासिक होते, त्याच्या शेवटच्या पानावर ताई त्या साहसांची परीक्षणे लिही. ताईने चांगले म्हटले की लोक ऐकत. ताईने नाक मुरडले की सीडी दुकानात पडून राही.

तिची एक रीत होती. प्रत्येक साहस ती तीनदा ऐके. पहिल्यांदा डोळे मिटून, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन, आणि तिसऱ्यांदा फक्त दारे, पावले आणि इंजिने ऐकण्यासाठी. एकदा तिने लिहिले होते की निर्वात पोकळीतल्या प्रसंगात कुणीतरी बशीत कप ठेवल्याचा आवाज येतो. बनवणाऱ्यांनी तपासले, तर खरेच येत होता. त्या महिन्यात मासिकात ताईच्या कानांचे कौतुक छापून आले. कौतुकात माझा उल्लेख नव्हता, पण ताईने त्या दिवशी माझ्या गाद्या ओल्या फडक्याने पुसल्या. मला तेवढे पुरले.

घरात ताईचा धाकटा भाऊही राहतो. तो बसगाड्या दुरुस्त करतो. त्याला यानांचे भारी वावडे. जेवायला हाक मारताना तो म्हणे, "ताई, पोचलं का तुमचं यान? आमची बस इतकी रखडली असती तर लोकांनी मला खाली उतरवून चोपलं असतं."

"तुझ्या बसला गावं चार," ताई म्हणे. "आमच्याकडे अख्खं आकाश आहे."

अशी माझी पहिली दहा वर्षे मजेत गेली. मग हळूहळू ताईला माझी सवय झाली. सवयीच्या वस्तूकडे कोण लक्ष देतो? ऐकून झाले की ती मला वायरीला धरून ओढी. तीच वायर प्लेअरभोवती गच्च आवळून ठेवी. खुर्चीचे चाक माझ्यावरून जाई. एके दिवशी माझ्या डाव्या बाजूला खरखर सुरू झाली. ताईने वायर हलवली, खरखर थांबली, आणि ती विसरून गेली. पुढच्या महिन्यात माझ्या आतली तार तुटली. डाव्या बाजूला माझी वाचाच गेली.

एरवी ताईच्या हे लगेच ध्यानात आले असते. पण त्या आठवड्यात तिला जबरदस्त सर्दी झाली होती आणि कानांना दडे बसले होते. कामावर कवळ्यांचा ढीग साचला होता. मासिकवाले घाई करत होते. तिने ते साहस एकदाच ऐकले आणि लिहायला बसली.

मित्रांनो, त्या साहसात कप्तान मोडक्या यानात एकटा अडकलेला असतो. दूरच्या दुसऱ्या यानातून त्याची जुनी सहकारी, यानाला दिशा दाखवणारी अधिकारी, त्याच्याशी बोलत राहते. दोघे दोन यानांत आहेत हे जाणवावे म्हणून कप्तानाचा आवाज पूर्ण उजव्या कानात ठेवला होता आणि तिचा पूर्ण डाव्या कानात. ताईला त्यामुळे नुसता कप्तान ऐकू आला.

तिने लिहिले, "कप्तान तासभर भिंतीशी बोलतो, आणि मधेमधे लांबलचक शांतता. दिशाबाईंचं नाव वेष्टनावर आहे, पण त्या आहेत कुठे? मोठ्या आजारपणानंतर त्यांना जमलं नसावं आणि त्यांचं काम कापलं असावं. तसं असेल तर बरंच झालं."

दिशाबाई म्हणजे त्या अधिकाऱ्याचे काम करणाऱ्या नटी. इतकी वर्षे तीच भूमिका केल्यामुळे सगळे त्यांना त्याच नावाने ओळखत.

मासिक निघाले. आठ दिवसांनी एक पत्र आले. ताईने ते स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचले, मग बसून वाचले, आणि मग भावाला वाचून दाखवले.

"ताई, पंधरा वर्षं मी तुमचं पान वाचते," दिशाबाईंनी लिहिले होते. "घशाच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा बोलायला शिकण्यात माझं एक वर्ष गेलं. या साहसात माझी एकशे बारा वाक्यं आहेत. ती वाईट झाली असतील तर तसं लिहायचं होतं, मी ऐकून घेतलं असतं. तुम्ही लिहिलंत की मी त्यात नाहीच. असो. पुढच्या सोमवारी नवं ध्वनिमुद्रण आहे. मी येणार नाही असं मंडळींना कळवते आहे."

"एकशे बारा?" ताई म्हणाली. "मला एकही ऐकू आलं नाही."

"झोपली होतीस का?"

"झोपले नव्हते रे."

भावाने हात धुतले, मला उचलले आणि जन्मात पहिल्यांदा 'तारवाट' लावली. तो जरा वेळ ऐकत राहिला. मग त्याने मला उलटे करून कानांवर चढवले.

"ताई, याचा डावा कान मेलाय."

"कधीपासून?"

"मला काय विचारतेस? दर रविवारी याला फरफटवतेस तू."

भावाने माझी वायर उघडली, तुटलेले टोक शोधले, कथलाचा एक थेंब टाकून ते जोडले. डावी गादी फाटली होती, म्हणून बसच्या सीटचा तपकिरी रेक्झिन कापून नवी शिवली. मग ताई ऐकायला बसली.

उजवीकडून कप्तानाने विचारले, "कुणी आहे का?"

डावीकडून आवाज आला, "आहे. मी आहे. घाबरू नकोस, हळूहळू वळव."

तो जुना गोड आवाज नव्हता. खडबडीत होता, वाक्याच्या शेवटी विरत होता. पण इतक्या जवळून येत होता की ताईचा हात आपोआप माझ्या डाव्या गादीवर गेला. तिने ते साहस तीनदा ऐकले. तिसऱ्यांदाही दारांकडे आणि इंजिनांकडे तिचे लक्ष गेले नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मासिकाच्या संपादकांना फोन केला.

"चूक झाली आहे. दुरुस्ती छापायची आहे."

"चार ओळी पाठवा, कोपऱ्यात टाकू."

"चार ओळींत मावणार नाही. मला पूर्ण पान लागेल."

पान मिळाले, पण ते निघायला महिना होता आणि सोमवार चार दिवसांवर आला होता. म्हणून ताईने कामावर रजा घेतली, मला आणि प्लेअरला जेवणाच्या पिशवीत नीट ठेवले आणि दोन बस बदलून दिशाबाईंच्या घरी गेली.

दार त्यांनीच उघडले. गळ्याभोवती सुती रुमाल होता.

"मी ते परीक्षण लिहिणारी," ताई म्हणाली.

"अच्छा. बसा."

ताईने सगळे सांगितले. वायर, सर्दी, घाई, एकदाच ऐकणे. दिशाबाईंनी मधे अडवले नाही.

"कारण सांगितलंत, बरं वाटलं," शेवटी त्या म्हणाल्या. "पण एक विचारू? 'बरंच झालं' असं लिहिलंत, ते काही तुमच्या हेडफोनने लिहिलं नव्हतं."

ताईची मान खाली गेली. "नाही. ते मी लिहिलं. मनाने ठरवलं आणि लिहून टाकलं. माफ करा."

मग ताईने विचारले, "तुम्ही स्वतः ऐकलंत का ते?"

"छे. धीरच होत नाही. शस्त्रक्रियेनंतर मी माझा आवाज परत असा बाहेरून ऐकलाच नाही."

ताईने मला पुढे केले. दिशाबाईंनी आधी नकारार्थी मान हलवली, मग रुमाल सैल केला आणि मला कानांवर घेतले. मित्रांनो, त्या तासाभरात मी जितक्या जपून काम केले तितके कधी केले नसेल. एकही शब्द सांडू दिला नाही. त्या खिडकीबाहेर बघत ऐकत होत्या. अर्ध्यावर त्यांचे ओठ हलू लागले, स्वतःचीच वाक्ये त्या स्वतःबरोबर म्हणत होत्या.

संपल्यावर त्यांनी मला मांडीवर ठेवले.

"ही म्हातारी बरी बोलते की," त्या म्हणाल्या.

"मी तेच लिहिणार आहे," ताई म्हणाली, "फक्त जरा जास्त शब्दांत."

दिशाबाई हसल्या. उठून त्यांनी फोन लावला आणि सांगितले, "सोमवारी मी येते आहे. मधे दोनदा थांबावं लागेल, तेवढं सांभाळून घ्या."

त्यानंतर त्यांनी एकतीस साहसे केली. ताईने ती सगळी ऐकली. दोन तिला अजिबात आवडली नाहीत आणि तिने तसे स्पष्ट लिहिले. दिशाबाईंनी त्यावर पत्र पाठवले, "यावेळी तुम्ही ऐकलंत, हे कळलं."

आता माझ्यासाठी भिंतीवर एक लाकडी खुंटी आहे. वायर सैल वेटोळे करून टांगलेली असते. भाऊ अधूनमधून दोन्ही बाजू तपासून देतो, आणि "तपासतोय" म्हणता म्हणता अर्धे साहस ऐकून घेतो. मी सुखात आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखा कुणीतरी असेल. त्याला वायरीला धरून ओढू नका, आणि खरखर आली तर त्याच दिवशी उघडून बघा. माणसांचेही तसेच करा. एखाद्याचे काही ऐकू आले नाही, तर तो बोललाच नाही असे ठरवण्याआधी आपला कान तपासा.

आज रविवार आहे. ताईने हात पुसले, खुर्ची पुढे ओढली, सीडी आत सरकवली. आता जरा गप्प बसा हं. सुरू होते आहे.