खिंडीपलीकडे

तांदूळ निवडता निवडता सुनेचा हात थांबला आणि तिनं भिंतीला पाठ टेकली.

"आई, कळा येतायत."

दिवस भरायला अजून अवकाश होता. तिचा नवरा जाऊन तीन महिने झाले होते; रस्त्यावरची दरड उपसताना दुसरी दरड त्याच्यावर आली. सासूनं सुईणीला बोलावलं. तिनं पोट चाचपलं आणि तोंड बारीक केलं.

"मूल आडवं आहे. हे माझ्या हातचं नाही, दवाखान्यात न्या. पण..." तिनं खिंडीकडे पाहिलं.

दवाखाना खिंडीपलीकडे होता आणि गावात विधवेनं खिंड ओलांडायची नाही अशी रीत होती. ओलांडली तर डोंगर कोसळतो म्हणे. सासू स्वतःही विधवाच. रस्ता झाल्यापासून तिनं पलीकडचा उतार पाहिला नव्हता. सकाळच्या बसचा हॉर्न तिनं ऐकला आणि बस जाऊ दिली. सुईण करील काहीतरी, असं तिनं मनाला समजावलं.

दुपारपर्यंत सुनेचे ओठ पांढरे पडले. मग मात्र सासू तिला धरून दुपारच्या बससमोर उभी राहिली.

"मावशी, असं काय करता?" ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला. "गाडीत लेकरंबाळं आहेत. वर काही झालं तर?"

"घरी बाळंत होत नाहीत का बायका?" आतून एक बाई करवादली. "हिचंच काय मोठं कौतुक!"

"बापजाद्यांपासून चालत आलंय," ड्रायव्हर म्हणाला. "मी कोण मोडणारा?"

"कुणाच्या बापजाद्यांपासून रे?" सासू म्हणाली. "हा रस्ता माझ्या डोळ्यांदेखत झाला. आधी इथं पायवाट होती. माझी आजी विधवा. डोक्यावर मोळी घेऊन ह्याच खिंडीतून जायची. कधी खडा हलला नाही."

इतकी वर्षं मनात तुकड्यातुकड्यांनी पडून असलेलं तिच्या तोंडून पहिल्यांदाच सलग बाहेर येत होतं.

"खिंड फोडताना इशारा न देता सुरुंग उडवला. माणसं गेली, त्यात माझा नवरा. आम्ही बायका कंत्राटदाराला जाब विचारायला निघालो. त्याचं ऑफिस पलीकडे. त्याचा मुकादम वाटेत आडवा आला. म्हणाला, विधवांची सावली पडली तर डोंगर खवळेल, उरलेलेही मरतील. आमचे भाऊ, दीर तिथंच राबत होते. आम्ही मागं फिरलो. ही तुझी रीत! एका माणसाला उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून झालेली."

पुढच्या बाकावरचा म्हातारा जागा द्यायला उठून उभा राहिला. ड्रायव्हर खाली बघत म्हणाला, "बसा."

खिंडीत लोक श्वास रोखून वर बघत राहिले. डोंगर होता तिथंच होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सून वाचवली. मूल हाती लागलं नाही.

"सकाळी आणलं असतं तर दोघंही वाचली असती," त्या म्हणाल्या. "सकाळी बस नव्हती का?"

"होती," सासू म्हणाली.

गावात परतल्यावर लोकांना बोलायला विषयच झाला. डोंगरानं अखेर घेतलंच, म्हणाले. सुईणसुद्धा मान डोलावत होती.

"डोंगरानं नाही घेतलं," सासू चारचौघांत म्हणाली. "मी सकाळची बस सोडली, तिथं माझं नातवंड गेलं. कुणाला सांगायचं असेल तर तसं सांगा."

सून हिंडूफिरू लागल्यावर एका सकाळी सासू गावातल्या विधवांच्या दारोदार गेली.

"चल, पलीकडे जाऊन येऊ."

"कशाला गं?"

"बाजार बघायला. माणूस मरायला टेकल्यावरच जायचं का?"

बरीच दारं बंद झाली. एका घरातून मात्र आवाज आला, "थांब, चप्पल घालते."

त्या दोघी आणि सून रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. वळणावरून बस येताना दिसली. ड्रायव्हर थांबेल की नाही, हे अजून कळत नव्हतं. तिघींपैकी कुणीही कडेला सरली नाही.