मालाचं निम्मं

दलालाच्या त्या ऑफिसात त्यांना खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे निम्मे म्हणत. निम्मेसाहेब आले का, निम्म्यांना विचारा, निम्मे काय म्हणतात बघा. पंचवीस वर्षं त्यांचं काम एकच: कारखान्यांचे ताळेबंद वाचायचे आणि शेअरची खरी किंमत काढायची. पद्धतही एकच, दगडावरची रेघ. रोकड असेल तर शंभराला शंभर. गिऱ्हाइकांकडून येणं असेल तर शंभराला पंच्याहत्तर, कारण दर चौथं गिऱ्हाईक बुडवं निघतंच. गोदामातल्या मालाचं निम्मं. यंत्रं, शेड, जमीन, कंपनीचं नाव या सगळ्याला शून्य. त्यातून सगळी देणी वजा करायची, अगदी शेवटच्या बिलापर्यंत. उरेल ती कंपनीची किंमत. बाजारातला भाव त्याच्या दोनतृतीयांशाच्याही खाली असला तरच हात लावायचा, नाहीतर फाइल बंद.

ऑफिसातली तरुण मंडळी चेष्टा करायची. "साहेब, बायकोचंही निम्मंच धरलं होतंत का हो?"

"तिचं शून्य," निम्मे मान वर न करता म्हणाले होते. "ती सोडून गेली." त्यानंतर बायकोवरून चेष्टा झाली नाही.

त्यांचा आणखी एक हट्ट होता. कारखाना बघायला जायचं नाही आणि कारखान्यातल्या माणसांशी बोलायचं नाही. यंत्राचा आवाज कानात गेला की आकडे ऐकू येत नाहीत, असं ते म्हणायचे. मालक चहा पाजतो, खांद्यावर हात टाकून शेड दाखवतो, आणि शहाण्यासुरत्या माणसाचं डोकं तिथंच गहाण पडतं. तरुणपणी एकदा त्यांचं पडलं होतं, चांगलंच तोंड पोळलं होतं, तेव्हापासून ताकसुद्धा फुंकून. म्हैस पाण्यात नि मोल बाहेर, असं कुणी हिणवलं तर म्हणायचे, "म्हणून तर मी म्हशीचे निम्मेच देतो."

तर अशा या माणसाला सख्खं म्हणावं असं एकच माणूस होतं, त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, ताईनंच त्यांना न्हाऊमाखू घातलं, शाळेत नेऊन बसवलं. तिचे यजमान, म्हणजे भाऊजी, पंपांच्या कारखान्यात स्टोअरकीपर. चौतीस वर्षं एकाच गोदामाच्या किल्ल्या कमरेला लावून त्या वर्षी निवृत्त झाले होते. गरीब स्वभावाचे, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

ताई-भाऊजी दोन खोल्यांत भाड्यानं राहायचे. तीस वर्षं. नळ गळला तर ताईनं स्वतःच्या खर्चानं बदलला, भिंतींना दर चार वर्षांनी स्वतः रंग दिला. आणि आता घरमालकीण म्हणाली, मला जागा विकायचीय. पहिला हक्क तुमचा, दोन वर्षांत नऊ लाख द्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक बघते. भाऊजींच्या निवृत्तीचे सगळे मिळून साडेसहा होते. साठीच्या माणसाला कर्ज द्यायला कुणी उभं राहीना.

"तू जगाचं करतोस, एकदा आमचं कर," ताई म्हणाली. "मला दुसऱ्याच्या दारात मरायचं नाही रे."

नात्यात पैशाचा सल्ला द्यायचा नाही, हा नियमही निम्म्यांचा होताच. पण ताईला कसलं नाही म्हणणार? पंधरा दिवस बसून त्यांनी दोनशे कंपन्या चाळल्या. त्यांच्या चाळणीतून एकच खाली पडली आणि ती निघाली भाऊजींचीच, पंपांची. रविवारी सकाळी ते कागद घेऊन ताईकडे गेले.

"आमचीच कंपनी?" भाऊजींनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला.

"हे बघा." निम्म्यांनी पेन्सिलीनं कागदावर मांडलं. "एका शेअरमागे रोकड सहा. येणं चाळीस, त्याचे मी धरले तीस. माल एकशेवीसचा, त्याचे साठ. झाले शहाण्णव. देणी चाळीस वजा. उरले छप्पन्न. म्हणजे उद्या कारखाना बंद पडला, सगळं फुंकून टाकलं, तरी छप्पन्न हातात येतात. बाजारात शेअर मिळतोय चौतीसला."

"मालाचं किती धरलंस म्हणालास?"

"निम्मं."

"निम्मंच ना? नक्की?"

"भाऊजी, मी कधी जास्त धरलंय का?"

भाऊजींनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला, कागदाकडे बघितलं, मग स्वयंपाकघराकडे, तिथं ताई चहा करत होती. "मग हरकत नाही," ते म्हणाले.

आता मला सांगा, चौतीस वर्षं त्या गोदामात काढलेला माणूस हातभर अंतरावर बसलेला, आणि या शहाण्यानं त्याला एका शब्दानं विचारू नये, की बाबा, आत काय आहे? नाहीच विचारलं. माणसं भुलवतात, कागद भुलवत नाही! साडेसहाच्या साडेसहा लाखांचे शेअर घेतले आणि ताईनं मोठ्या विश्वासानं कागदांची घडी कपाटात ठेवली.

आठ महिन्यांत भाव त्रेचाळीसवर गेला. ताईनं स्वयंपाकघरात नवं सिंक बसवायचं म्हणून सुतळी घेऊन मापंसुद्धा काढली. अकराव्या महिन्यात बँकेनं कारखान्याला कुलूप ठोकलं. भाव एकोणतीसवर आला तेव्हा ताईचा फोन आला, "अरे, विकून टाकू का? जेवढे मिळतील तेवढे?"

"वेडी आहेस का?" निम्मे म्हणाले. "बंद पडला तरी छप्पन्न, सांगितलंय ना तुला? घाबरट लोकांना विकू दे. तू गप्प बस."

ती गप्प बसली. भाव एकोणीस झाला, सात झाला, मग व्यवहारच थांबले. कोर्टानं लिक्विडेटर नेमला, म्हणजे उरलंसुरलं विकून देणेकऱ्यांना वाटणारा अधिकारी. चार महिन्यांनी त्याचा पहिला अहवाल आला. माल, एका शेअरमागे: सतरा. निम्म्यांनी आकडा तीनदा वाचला. टायपिस्टनं आकडा चुकवला असेल, असं त्यांना खरोखर वाटलं. एकशेवीसचं निम्मं साठ असतं, सतरा कुठून आले? दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा एका कारखान्याच्या फाटकातून आत पाय टाकला.

लिलावाआधी माल दाखवायचा दिवस होता. गोदामात छतापर्यंत रॅक, रॅकवर हिरव्या रंगाच्या पंपांच्या बॉड्या, ओळीनं, शिस्तीत, बघत राहावं अशा. एक भंगारवाला हातोडी घेऊन फिरत होता. एका बॉडीवर ठोकलं, खणखणीत आवाज आला. पुढच्या दोन थप्प वाजल्या.

"हे असं कसं?" निम्म्यांनी विचारलं.

"आत हवा राहिलीय, साहेब. ओतकामात पोकळ्या राहिल्या की नापास. चांगला पंप यातून होत नाही." भंगारवाल्यानं नखानं रंग खरवडला, खाली गंज होता. "असला माल त्याच आठवड्यात वितळवायचा असतो. यांनी रंग फासून रॅकवर चढवलाय. वर्षानुवर्षांचा आहे. शेजारच्या दोन गोदामांत तर खोकीच आहेत, आत काही नाही. आम्ही किलोवर घेणार, दुसरं काय!"

प्रत्येक रॅकला मोजणीचं कार्ड अडकवलेलं होतं. तारीख, नग, आणि शेरा: चांगला माल. खाली हिशेब तपासनिसाच्या माणसाची सही, आणि त्याखाली स्टोअरकीपरची. लांब शेपटीची ती सही निम्म्यांना पाठ होती. ताईच्या लग्नानंतर त्यांच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून तीच असायची. त्यांनी कार्डं उलटायला सुरुवात केली. अकरा वर्षं मागं गेले. शेवटचं कार्ड हातात घेऊन ते एका खोक्यावर बसले, आणि खोकं रिकामं असल्यामुळे खाली चेपलं.

भाऊजी सकाळी बागेत फिरायला जात. निम्म्यांनी त्यांना तिथल्या बाकावर गाठलं आणि एक कार्ड त्यांच्या मांडीवर ठेवलं. भाऊजींनी ते उचललंही नाही.

"मालक म्हणाला, सध्या चांगल्यात धरा, पुढच्या वर्षी वितळवू," ते हळूच म्हणाले. "बँकेला माल कमी दिसायला नको म्हणे. नाही म्हटलं असतं तर त्याच संध्याकाळी किल्ल्या काढून घेतल्या असत्या. पहिल्या वर्षी दोन रॅक होते रे. मग चार झाले."

"ते जाऊ द्या. मी कागद घेऊन आलो तेव्हा तुमची वाचा बसली होती का? पैसे तुमचे होते, भाऊजी! तुमचे!"

"पण तू निम्मं धरलं होतंस ना!" भाऊजींचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मी दोनदा विचारलं तुला. माझ्या गोदामात निम्मा माल चोख होता, शपथेवर सांगतो. निम्मा नापास. मी मनात म्हटलं, हा निम्मंच धरतोय, म्हणजे बरोबर बसलं. याच्या हिशेबात ते आधीच कापलं गेलंय."



"अहो, माझं निम्मं चांगल्या मालाचं होतं," निम्मे म्हणाले. "चोख माल घाईत विकायला काढला तर अर्ध्या किमतीला जातो, म्हणून ते निम्मं. नसलेल्या मालासाठी नव्हतं. तीच एक सूट तुम्ही खाल्लीत आणि मीही तीच खाल्ली. आणि बाकीच्या दोन गोदामांचं काय?"

"ती माझ्याकडे नव्हती. वाटलं, खराब तेवढं माझ्याचकडे असेल. तिथले दोघे स्टोअरकीपर मला भेटले परवा. ते म्हणाले, आम्हाला वाटायचं तुमचं तरी भरलेलं असेल."

समोरच्या पायवाटेवरून माणसं हात हलवत फिरत होती. निम्म्यांना इतका संताप आला होता, की या म्हाताऱ्याला गदागदा हलवावं. पण आपलेच दात नि आपलेच ओठ, करणार काय? आणि दुसरा एक प्रश्न त्यांना आतून टोचत होता, तो विचारल्याशिवाय राहवेना.

"मी त्या दिवशी सरळ विचारलं असतं, आत काय आहे म्हणून, तर सांगितलं असतंत?"

भाऊजींनी कार्डावरच्या सहीवर बोट ठेवलं. "आपणहून बोलायची छाती नव्हती. सही माझी, निवृत्तीच्या पैशांवर टाच आली असती, तिला काय तोंड दाखवलं असतं? पण तू विचारलं असतंस तर तुझ्या तोंडावर खोटं बोलता आलं नसतं मला." मग त्यांनी निम्म्यांचं मनगट धरलं. "तिला सांगू नकोस. पाया पडतो तुझ्या. घर गेलं, आता तिच्या नजरेतून तरी उतरवू नकोस."

त्याच संध्याकाळी निम्मे ताईकडे गेले. ताई दारातच म्हणाली, "आलास? किती सुटतायत, सांग." भाऊजी खिडकीपाशी पाठ करून उभे होते.

"काही नाही, ताई. कुलूप लागल्यापासून व्याज नि पगारांची थकबाकी चढलीय, देणी फेडूनच पैसे संपणार. शेअरवाल्यांच्या वाट्याला काही येत नाही."

ताई खाली बसली. निम्मेही समोर टेकले. "घरमालकीण परवा येऊन गेली," ती म्हणाली. "तिला गिऱ्हाईक मिळालंय. मी म्हटलं, माझा भाऊ करतोय काहीतरी." मग तिनं मान वर केली. "विकू का म्हणून विचारलं होतं मी तुला. वेडी म्हणालास मला. तुझा हिशेब चुकला का रे?"

उत्तर ओठावर आलं होतं. हिशेब चुकला नव्हता! छप्पन्न म्हणजे छप्पन्नच होते, कार्डांवर लिहिलेलं खरं असतं तर एका पैशाचा फरक पडला नसता. पंचवीस वर्षांत मिळवलेलं एवढं एक नाव त्यांच्याजवळ होतं, दुसरं होतं काय? खिडकीपाशी भाऊजींचे खांदे आखडलेले दिसत होते.

"चुकला," निम्मे म्हणाले.

"जगाचे पैसे वाचवलेस. आमचेच बरे बुडाले."

तेवढ्यात खिडकीकडून आवाज आला. "मी तेव्हाच म्हणत होतो," भाऊजी बाहेर बघत म्हणाले. "शेअरबिअर आपलं काम नाही म्हणून."

निम्म्यांनी त्यांच्याकडे बघितलं. खरं सांगायचं तर त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. एक वाक्य, फक्त एक वाक्य पुरलं असतं. ताईनं भाऊजींकडे वळून बघितलं, मग परत भावाकडे.

"म्हणाले होते हे?"

"हो," निम्मे म्हणाले. "म्हणाले होते."

"मग ऐकलं का नाहीस? चौतीस वर्षं तिथं राबलेला माणूस, त्याचं नाही ऐकलंस?" आता कुठं तिचा आवाज फुटला. "तुला मी पोटच्या पोरासारखं वाढवलं आणि तू माझं घर घालवलंस. ऊठ. परत इकडे येऊ नकोस."

निम्मे उठले. चपला घालताना त्यांना नीट दिसेना, म्हणून वेळ लागला. दार लावायला भाऊजी आले. त्यांनी मान वर केली नाही. कडी लागली, आणि आतून ताईचा आवाज आला, डोळे पुसून सावरलेला, मायेचा:

"बसा हो तुम्ही. तुमचा काय दोष त्यात? चहा टाकते."