आडवं झालं की बरं

बाईंनी तीस वर्षं शाळा चालवली होती, त्यामुळे बहाणा त्यांना दारातूनच ओळखू येई. नवऱ्याचाही आला. ते पुस्तकबांधणी करत. हल्ली अर्धा तास बसून पुठ्ठे कापले की त्यांना धाप लागे, डोळ्यांपुढे अंधारी येई. मग कागदाच्या गठ्ठ्यांवर अंग टाकायचं, की पाच मिनिटांत ठणठणीत.

"आडवं झालं की बरं वाटतं," ते म्हणत.

"ते सगळ्यांनाच वाटतं," बाई म्हणत.

शेवटी बाईंनी त्यांना हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते शर्ट काढायला पडद्याआड गेले, तसं हळूच म्हणाल्या, "मॅडम, यांना जरा खडसावा. माझं ऐकत नाहीत."

मॅडमनी छाती तपासली. त्यांना उठवून बसवलं, निजवलं, पुन्हा बसवलं. चांगली अद्दल घडतेय, असं बाईंना वाटलं. मग सोनोग्राफी झाली. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात देठाला लोंबकळत काहीतरी हलत होतं.

"गाठ आहे," मॅडम म्हणाल्या. "कर्करोगाची नाही, पण क्वचितच कुणाला होते. हे उठून बसले की ती खालच्या झडपेत बोळ्यासारखी अडकते. रक्त पुढे सरकत नाही, म्हणून धाप. निजले की बाजूला होते."

"म्हणजे आडवं झालं की..."

"खरंच बरं वाटतं."

ते पडल्या पडल्या बाईंकडे बघत होते. बोलले असते तर परवडलं असतं. बाईंनी त्यांचा शर्ट उचलला, घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"काढायला लागेल," मॅडम म्हणाल्या. "आणि लवकर."

चौथ्या दिवशी छाती उघडून, हृदय थांबवून, गाठ मुळासकट काढली. चार तास बाई बाहेरच्या बाकावर ताठ बसून होत्या. सर्जननी बाटली दाखवली. आत लिंबाएवढा, जेलीसारखा लिबलिबीत गोळा. शाळेतल्या सगळ्यांत व्रात्य मुलाकडे बघावं तसं बाईंनी त्याच्याकडे बघितलं.

आठवड्याने ते घरी आले. धाकटी नणंद बघायला आली, तेव्हा ते म्हणाले, "मोसंबीएवढी गाठ होती." शेजाऱ्यांना सांगताना तिचं डाळिंब झालं. बाईंनी जन्मात कुणाची चूक सोडली नव्हती, पण या खेपेला त्या निमूट चहा ओतत राहिल्या.

गाठ नारळाएवढी झाली, तेव्हा मात्र त्यांनी फक्त घसा खाकरला.