सतरा क्रमांक

रुग्ण क्रमांक : १७

म्हणजे कौसाबाई. फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेली, त्याला नऊ वर्षं झाली. तिचा नवरा गिरधर कळसाडीतल्या आपल्या ओट्यावर बसला होता. समोर नव्या औषधाच्या चाचणीसाठी जुन्या रुग्णांच्या नोंदी घ्यायला शहाद्याहून बसनं आलेली अल्पना कागद पसरून बसलेली.

"बाबा, नवं औषध एका ठरावीक जनुकदोषावरच चालतं. असे रोगी मुळात थोडे. त्यातल्या निम्म्यांना जुन्या गोळ्यांवर कसं ठेवायचं? म्हणून पूर्वी त्या गोळ्या घेतलेल्यांच्या फायली शेजारी ठेवून फरक बघतात."

"कौसानी बी?"

"हो. त्यांच्या गाठीचा दवाखान्यात जपून ठेवलेला तुकडा तपासला. दोष तोच निघाला."

"म्हंजे हाई औषध तवय ऱ्हातं तं..."

अल्पनानं पुढचा कागद ओढला.

"मरीसनबी कामले उनी म्हना मन्ही कौसा," गिरधर म्हणाला. नऊ वर्षांत तो पहिल्यांदा तिच्या नावावर हसला असेल.

उपचार पूर्ण केला : होय / नाही

दवाखान्याच्या कार्डावर सहाही महिन्यांपुढं गोळ्या नेल्याची गिरधरची सही होती.

"होय लिहू ना, बाबा?"

गिरधरनं ते कार्ड पालथं ठेवलं. मग विचारलं, "अन् खोटं सांगं तं?"

"मग जुन्या गोळ्या आहेत त्याहून निकामी दिसतील. नवं औषध आहे त्याहून भारी. पुढच्या रोग्यांना चुकीचं सांगितलं जाईल."

"खरं सांगं तं?"

"पूर्ण घेतल्या नसतील तर फाईल बाजूला काढावी लागेल."

म्हणजे कौसा पुन्हा गेली.

तो उठला. आतून मिरचीचा जुना डबा आणून त्यानं अल्पनापुढं ठेवला. आत शेवटच्या तीन महिन्यांच्या गोळ्या, पाकिटं न फोडलेली.

बंद करण्याचं कारण : ______

"लिखी ले, बेटी. गोळ्या खाये तं भाकर माटीगत लागे. मिरचीबी लागे ना. ती म्हने, मरनं शे तं ठेचा खाईसन मरसू. पन डॉक्टरले सांगू नको, बिचारा वाईट मानी. मी जाऊ, सही करू, गोळ्या लयी येऊ."

"मग? लागला ठेचा?"

"हां, लागना! डोयाले पानी, नाकले पानी, अन् हासे!"

रकाना बोटभर. अल्पनानं लिहिलं, 'चव गेली होती', आणि सतरावर आडवी रेघ मारली.

"आते अठरावालाले सतरा म्हनतीन का?"

"नाही, बाबा. सतराची जागा रिकामीच राहते."

गिरधरनं डब्याचं झाकण लावलं.

"ऱ्हाऊ दे. मन्हा घरमा बी तशीच शे."