पहिलं नाव तुझं

हवेचा नळ अर्धा फिरवला, तसा टेबलावरचा डुकराचा गळा बेंबीच्या देठापासून ओरडला. बेंबी बिचारी कत्तलखान्यातच राहिली होती, पण ओरडण्यात काही कसर नव्हती.

"अगं बाई!" नव्या डॉक्टरीणबाई दोन पावलं मागे सरकल्या. शहरातल्या दुसऱ्या रुग्णालयात शिकून त्या इथे आल्या होत्या आणि प्रयोगशाळेतला त्यांचा हा पहिलाच आठवडा होता.

"घाबरू नका, नुसती हवा आहे," ताई म्हणाली.

म्हणाली म्हणजे तिच्या तोंडून वारा आला आणि वाऱ्याच्या काठाने थोडे शब्द आले. जवळ उभं राहून ओठांकडे पाहिलं तर ते कळत. दारातून ऐकणाऱ्याला वाटे, बाई दमली आहे, सुस्कारे सोडते आहे. मेलेल्या जनावराकडून खणखणीत आवाज काढून घेणाऱ्या या बाईला स्वतःचा आवाज नव्हता. यावर प्रयोगशाळेत पुष्कळ विनोद होत, आणि त्यातले निम्मे तिनेच केलेले असत.

तिने चिमट्याने गळ्याच्या आतल्या दोन पांढुरक्या पट्ट्या दाखवल्या. "हे स्वरतंतू. वर पातळ कातडं, खाली मऊ थर. दुधावर साय कशी हलते, तसं हे हलायला हवं. व्रण झाला की साय भांड्याला चिकटते. मग हवा नुसतीच निघून जाते."

"तुमच्यासारखी?" डॉक्टरीणबाई बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

"माझ्यासारखी," ताई हसली. "पण आता थोडेच दिवस."

थोडेच दिवस, कारण परवानगी आली होती. गालाच्या आतल्या बाजूचा कणभर तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी उबेत वाढवायच्या आणि सुईने व्रणाखाली सोडायच्या. इतकी वर्षं हे जनावरांवर चाललं होतं. आता माणसांवर सुरू होणार होतं, आणि पहिलं नाव कुणाचं हे ताईला ठाऊक होतं.

अकरा वर्षांपूर्वी ती एका शाळेत शिशुवर्गाची बाई होती. घरी तिला सगळे भोंगा म्हणत. लहानपणी ती गल्लीच्या एका टोकाला रडली की दुसऱ्या टोकाचे लोक घड्याळ लावत, असं तिचे बाबा सांगत. शाळेतही तिने मैदानाच्या कडेला उभं राहून एक हाक मारली की झोपाळ्यावरची, घसरगुंडीवरची, कुंपणात अडकलेली सगळी पोरं धावत यायची. मग तिला न्युमोनिया झाला. श्वासासाठी घशात नळी घातली आणि ती बरेच दिवस राहिली. ती वाचली, पण नळीने दोन्ही स्वरतंतूंवर व्रण ठेवला. शाळेने काही महिने सांभाळून घेतलं. मग मुख्याध्यापिकांनी खोलीत बोलावून, पाणी वगैरे देऊन सांगितलं, "मुलं घाबरतात हो. म्हणतात, बाई फुसफुस करतात."

तेव्हा सरांनी हात दिला. सर म्हणजे या प्रयोगशाळेचे प्रमुख, तिचा गळा तपासणारे डॉक्टर. मोठा माणूस, पण मोठेपणाचा वारा न लागलेला. "माझ्याकडे ये," ते म्हणाले होते. "इथं बोलावं लागत नाही, हाताचं काम आहे. आणि लिहून ठेव, ज्या दिवशी हे माणसांवर येईल, त्या दिवशी पहिलं नाव तुझं."

तिने लिहून वगैरे काही ठेवलं नाही. काळजात ठेवलं.

दर सहा महिन्यांनी सर तिच्या घशात दुर्बीण घालून पाहत आणि काचेच्या खोलीत बसवून तिचा आवाज नोंदवत. उतारा ठरलेला होता. दार उघडलं की खोलीत ऊन येतं, उन्हात मांजर येऊन बसतं, असल्या साध्या ओळी. "तुझी वेळ येईल तेव्हा तुझा सगळा इतिहास हाताशी हवा," सर म्हणत. ती बिनतक्रार वाचायची. आपल्यासाठीच तर चाललंय सगळं, असं तिला वाटायचं, आणि तसं न वाटायला काही कारणही नव्हतं.

घरी बाबा होते. त्यांचं ऐकणं कमी होत चाललं होतं. शेजाऱ्यांचं भांडण त्यांना ऐकू येई, कुकरची शिट्टी येई, रस्त्यावरचा कुत्रा येई. नेमका लेकीचा आवाज तेवढा येत नसे. संध्याकाळी दार वाजलं की ते खुर्चीतून विचारत, "कोण आलंय?" नजरही अधू झाली होती. ती चपला काढत म्हणे, "मी." त्यांना ते ऐकू जात नसे. मग ती फडताळावरचा स्टीलचा पेला घेऊन त्यावर चमच्याने दोनदा टण्‌टण्‌ वाजवी. "हां, भोंगा आला," बाबा म्हणत आणि निवांत होत.

पेला पहिल्यांदाच वाजवला असता तरी चाललं असतं. पण ती रोज आधी "मी" म्हणायची. एक दिवस बाबांना ते ऐकू जाणार होतं, आणि तो दिवस चुकायला नको होता.

परवानगीची बातमी तिने पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवली. बाबांनी पाटी डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचली. "अरे वा! मग शेजारी सांगून ठेवायला हवं. कानात घालायला कापूस आणून ठेवा म्हणावं." एवढं बोलून ते बराच वेळ पाटीवर हात ठेवून बसले होते.

सरांना परिषदेत भाषण द्यायचं होतं. त्याची तालीम छोट्या सभागृहात ठेवली, आणि ध्वनीची बटणं सांभाळायला ताईला बसवलं. समोर दहाबारा माणसं होती. पडद्यावरच्या आलेखात आधी सशांच्या आवाजाच्या रेघा आल्या, मग डुकरांच्या. उपचारानंतर सगळ्या वर चढत गेलेल्या. त्यांच्या खाली एक लाल रेघ होती. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट होती.

"ही माणसाची आहे," सर म्हणाले. "आवाज ऐकवा."

ताईने बटण दाबलं. खोलीभर वारा पसरला आणि वाऱ्याच्या काठाने शब्द आले. दार उघडलं की खोलीत ऊन येतं.

"हा पहिल्या वर्षीचा. आता शेवटचा."

तिने दुसरं बटण दाबलं. तेच दार, तेच ऊन.

"अकरा वर्षं," सर म्हणाले. "या रुग्णाला कोणताही उपचार दिलेला नाही आणि दिला जाणारही नाही. व्रण आपला आपण बरा होतो का? नाही. हे दाखवणारी एवढी लांब रेघ जगात दुसऱ्या कुणाकडे नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईचं बोट बटणावर होतं. पुढची खूण आली, तिने पुढचा आवाज लावला, आणि भाषण संपेपर्यंत एकही बटण चुकलं नाही.

बाहेर डॉक्टरीणबाईंनी तिला गाठलं. "ताई, तो आवाज तुमचाच ना? मला तुम्हाला विचारायचंच होतं. तुम्ही तेव्हा 'नाही' का म्हणालात?"

"कधी?"

"तीन वर्षांपूर्वी, आमच्याकडे. आमच्या मॅडमनी असाच उपचार काही जणांवर केला होता. सरांकडे काम करणाऱ्या एक बाई आहेत म्हणून त्यांनी मुद्दाम एक जागा राखून ठेवली होती. सरांचं उत्तर आलं, रुग्ण तयार नाही." तिचा चेहरा पाहून त्या थांबल्या. "तुम्हाला... माहीत नव्हतं?"

ताईने मान हलवली. तिला आता नेमकं आठवलं. त्याच सुमाराला सर एकदा तिच्या टेबलाशी येऊन, काही कारण नसताना, म्हणाले होते, "धीर धर हं. आपलं येतंच आहे."

सर आपल्या खोलीत होते. तिला पाहून त्यांनी खुर्ची पुढे केली. "ये, बस. बाबा कसे आहेत? आज बटणं झकास सांभाळलीस."

"त्या मॅडमना तुम्ही काय सांगितलंत?" तिने विचारलं.

त्यांना ऐकू आलं नसतं तरी चाललं असतं. काय विचारलंय ते त्यांना कळलं होतं. त्यांनी हातातला पेन खाली ठेवला. "कच्चं काम होतं ते. दहातल्या तिघांनाच फरक पडला."

"तिघांना पडला?"

सरांनी तो पेन पुन्हा उचलून खिशाला लावला.

"मला विचारायचं होतं, सर."

"विचारलं असतं तर तू गेली असतीस."

"गेलेच असते."

"आणि रेघ तुटली असती." हे ते इतक्या साधेपणाने बोलले की ती त्यांच्याकडे पाहतच राहिली. "तुला इतकी वर्षं सांभाळलं ते काय तुला त्रास द्यायला? अगं, तुझ्या त्या रेघेमुळे परवानगी मिळाली. हजारो लोकांना आवाज मिळेल. तुला अभिमान वाटायला हवा."

हे खोटं नव्हतं, आणि तेच तिला जास्त लागलं. खोटं असतं तर तोंडावर फेकून तरी देता आलं असतं.

"पहिलं नाव माझं म्हणाला होतात तुम्ही."

"नियम आहे. आपल्याच कर्मचाऱ्याला घेता येत नाही. साहेबांच्या दडपणाखाली तो हो म्हणेल, म्हणून."

"हा नियम कधीचा?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "पहिल्यापासूनचा."

"मी नोकरी सोडते."

"पाच वर्षांपेक्षा जुना व्रण आम्ही घेत नाही. तुझा..."

अशा वेळी माणसं ओरडतात. दारं आपटतात, शिव्या देतात, चार लोक गोळा करतात. ताईने तोंड उघडलं आणि नुसता वारा आला. सर पुढे वाकले आणि कानामागे हात धरून, अगदी मायेने म्हणाले, "काय म्हणालीस?" तेव्हा तिला त्यांचा पहिल्यांदा तिरस्कार वाटला. तिचा आवाज नळीने घेतला होता. तो अपघात होता, आणि नळीवर कुणी रागावत नाही. पण तिच्याजवळ हो किंवा नाही म्हणण्यापुरता जो वारा उरला होता, तो या माणसाने घेतला होता. तिला न विचारता तिच्या तोंडून तो नाही म्हणाला होता, आणि वर तिला धीर धरायला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सहामाही नोंद होती. परिषदेआधी रेघेवरचा शेवटचा ठिपका हवा होता. ताई वेळेवर आली, काचेच्या खोलीत जाऊन माईकसमोर बसली. पलीकडे सर आणि डॉक्टरीणबाई होत्या. लाल दिवा लागला.

"सुरू कर," सरांचा आवाज आला.

तिने कागद उचलला नाही. दार, ऊन, मांजर मनातल्या मनात येऊन गेलं. ओठ मिटलेले होते.

"ताई? काही ऐकू येत नाहीये."

ती काचेतून त्यांच्याकडे पाहत राहिली. डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली.

"शेवटचं एकदा," सर म्हणाले. त्यांचा स्वर उतरला होता. "एवढं वाच. परत नाही सांगणार."

"तुम्ही मला विचारताय?" ती माईकच्या जवळ जाऊन म्हणाली.

सर पलीकडच्या माईककडे झुकले. "हो. विचारतोय."

"नाही."

लाल दिवा चालूच होता, त्यामुळे तेवढं नोंदलं गेलं. तिने माईकवर टोपी चढवली, खुर्ची आत सरकवली, बाहेर येऊन अंगातला पांढरा कोट खुंटीला अडकवला. पेशींची पेटी उघडून ऊब बरोबर आहे ना ते पाहिलं, कारण त्यातल्या पेशी कुणा दुसऱ्याच्या होत्या आणि त्यांचा काही अपराध नव्हता. मग डॉक्टरीणबाईंच्या हातात किल्ली दिली आणि ती निघाली.

घरी पोचली तेव्हा बाबा खुर्चीत होते. पाटी अजून त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून उभी होती. त्यांनी ती पुसू दिली नव्हती. दार लागल्याचा धक्का जमिनीतून त्यांच्या पायांना कळला.

"कोण आलंय?"

तिने चपला काढल्या, फडताळावरचा पेला घेतला आणि चमच्याने दोनदा वाजवला.

बाबा हां, भोंगा आला असं म्हणाले नाहीत. ते दाराच्या दिशेने तोंड करून तसेच बसून राहिले.

"आज लगेच वाजवलंस," ते म्हणाले. "रोज मधे जरा थांबतेस."

ती पेला हातात घेऊन उभी होती.

"काही म्हणत असशील म्हणून मी पण थांबायचो," बाबा म्हणाले.

तिने पेला खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन दिवा लावला.