ताटावरचा हात

"वाढू नका, आप्पा," म्हणत मी माझ्या लेकीच्या, दानेश्वरीच्या ताटावर हात धरला, पण वाढणाऱ्या शिवशंकरप्पांची पळी तोवर कलली होती. गरम हुग्गी माझ्या मनगटावर पडली. गव्हाची ती गुळाची खीर चांगलीच पोळली, तरी मी हात काढला नाही.

मठाच्या दासोहात, म्हणजे प्रसादाच्या पंगतीत, हात आडवा धरायचा तर स्वतःच्या ताटावर. लेकराच्या ताटावर धरणं म्हणजे पापच. सगळी पंगत बघू लागली. बघू दे.

"लेकराच्या ताटावर हात कामून धरायलीस, नागरत्ना?" आप्पांनी विचारलं. "दासोहात कुणी उपाशी ऱ्हात न्हाई."

शेजारच्या चन्नव्वाने लगेच पुस्ती जोडली, की अंगणवाडीची अंडी घरी चारून आता ही बाई चारचौघांत पथ्याचं सोंग करते. आमच्या लिंगायताच्या घरात अंडं उंबरा ओलांडत नाही, हे तिलाही ठाऊक. पण मी हळ्ळीखेडची अंगणवाडी सेविका. दुसऱ्यांच्या हडकुळ्या पोरांची वजनं घेते, आणि माझी बारा वर्षांची पोर नव्वद किलोची. गावाला आणखी पुरावा कशाला हवा? स्वयंपाकघराला कुलूप लावते म्हणून हेच लोक मला कैदाशीणही म्हणतात. दोन वर्षं ऐकून घेतलं. त्या दिवशी माझं डोकं फिरलं.

"बीदरच्या डॉक्टरनं हिचं रक्त हैदराबादला धाडून तपासलंय," मी पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले. "अंगातल्या चरबीतून लेप्टिन नावाचा हार्मोन निघतो. त्यो मेंदूला सांगतो, आता पुरे. हिच्या मेंदूत ते ऐकणारंच जन्मापासून बिघडलंय. निरोप दारापतूर येतो, दार उघडत न्हाई. ताटभर जेवली तरी चार दिसाच्या उपाशीवानी भूक ऱ्हाती. ही हाव न्हाई, आप्पा, आजार हाय. वजनानं झोपंत श्वास अडकायलाय तिचा."

आप्पांनी पळी हुग्गीच्या बादलीत टेकवली. माणूस वाईट नाही. पण आजच्या दिवस खाऊ दे, असं पुटपुटत त्यांनी थेट पोरीलाच विचारलं, "तुला पायजे ना, बाळा?"

दानेश्वरीची नजर बादलीतून निघत नव्हती. तिने होकारार्थी मान हलवली असती तर दोन वर्षं पाळलेलं सगळं पथ्य तिथेच बुडालं असतं.

"पायजे," ती म्हणाली. "लई पायजे. कितीबी खाल्लं तरी पायजेच वाटतंय. म्हणून नगं."

पंगत संपायच्या आधी उठायचं नसतं. ती उठायला लागली. मी नेहमीसारखा आधाराला हात पुढे केला, तो तिने घेतला नाही. दोन्ही तळवे जमिनीला टेकून, धापा टाकत ती उभी राहिली, आपलं ताट उचललं आणि नळाकडे चालू लागली. चन्नव्वाने पाय आवरून तिला वाट दिली.