छावणीतला अरबी घोडा

बहात्तरच्या दुष्काळात दिंद्रुडकडच्या एका गावात जनावरांच्या बरगड्या लांबून मोजता येत होत्या, आणि दूध सोसायटीचे चेअरमन भगवानराव यांना घोड्यावर बसायची हौस आली होती. खऱ्या नव्हे, चित्रातल्या. खऱ्या घोड्यानं त्यांचं वजन पेललं नसतं.

त्यांनी बन्सी पेंटरपुढं विलायती कॅलेंडर टाकलं. वाळवंट, तंबू, मागच्या पायांवर उभा घोडा आणि वर तलवार उपसलेला अरब.

"असाच काढ. तोंड तेवढं माझं. घोडा म्हंजे रयत, बे. वर बसंल त्यो राजा."

"मालक, एवढ्या वाळूत गवताची काडी न्हाई. मग घोडा लोण्यावानी कावून?"

"तुला काय करायचंय?"

ज्या साहेबानं हे काढलं त्यानं दुष्काळ बघितलाच नाही, बन्सीनं ओळखलं. घरात पोटभर जेवून वाळवंट रंगवलं असणार बेट्यानं!

पण नाही म्हणायची सोय नव्हती. बन्सीची कपिली गाय दावणीला खंगत चालली होती. सोसायटीच्या चारा छावणीत मागच्या पुठ्ठ्यावर नंबर रंगवलेला असल्याशिवाय जनावराला कडब्याची पेंढी मिळत नसे. नंबर रंगवायचा बन्सी, पण कुणाला द्यायचा ते ठरवायचे भगवानराव. "चित्र झालं की तुजी गाय आत," ते म्हणाले होते.

चारशे बारा जनावरांवर नंबर रंगवून झाले. पुढचा नंबर कपिलीचा, हेच घोकत बन्सी घोडा रंगवत होता. त्याचं ते तुकतुकीत पोट रंगवताना त्याला रडू आलं.

सोसायटीच्या सभेत चित्रावरची चादर ओढली. मिशा, तलवार, सगळं झकास. आणि घोड्याच्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगात ठसठशीत ४१३! हाताला वळणच पडलं होतं. गेली आपली गाय!

पुढं बसलेल्या बायडाबाईनं तोंडाला पदर लावला, पण राहवेना. "आगं बया! आमच्या पेंढ्या ह्यो खातो व्हय! तरीच लई फुगलाय."

"आन् वरचा किती खातो?" मागून कुणीतरी विचारलं. सभा खदखदली. तहसिलातून आलेला कारकूनसुद्धा रुमालात हसला.

भगवानराव लालबुंद झाले. "पूस बे त्यो नंबर!"

एवढी माणसं पुन्हा कधी जमायची? बन्सी पुढं झाला. "पुसतो, मालक. पण निघालेला नंबर वाया कावून घालवायचा? माज्या गाईला देऊ का?"

हसू थांबलं. सगळी सभा भगवानरावांकडं बघू लागली.

"दे," घोड्यावरची नजर न काढता ते पुटपुटले.

घोड्यावरचा नंबर पुसायला बन्सी थांबलाच नाही. रंगाचा डबा उचलून तो घराकडं पळत सुटला.